उजनीचा सरकता काठ

उन्हाळा लागला की सोलापुरात एकच चौकशी असते, उजनी किती टक्क्यांवर आली? भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्याला हात लागला की लोक म्हणतात, धरण मायनसमध्ये गेले. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरले. शहराचा जीव टांगणीला लागतो त्याच दिवसांत करमाळा-माढ्याच्या बाजूला लांबच लांब काठ उघडा पडतो, आणि हौसेने फिरायला येणाऱ्याला ते मोकळे रान वाटते.

मोकळे ते नसते. पाणी हटेल तशी मागोमाग गाळपेर होते. ज्यांची शिवारे या पाण्याखाली गेली, त्या घरांसाठी हा ओलावा म्हणजे काही महिन्यांपुरती परत मिळालेली जमीन. बांध दिसत नाही, तरी कोवळ्या रोपांमधून वाट काढणे म्हणजे कुणाच्या तरी पिकातून चालणेच.

आणखी एक वस्ती तर दिसतही नाही. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा, भोवती चार खडे, आत बहुधा चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची. दोन हातांवर उभे राहूनही खडा कोणता नि अंडे कोणते, चटकन कळत नाही. दुपारच्या तापात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की माणसे फोटोसाठी थांबतात. थांबायचे नसते, आल्या पावली मागे फिरायचे असते. जितका वेळ माणूस तिथे, तितका वेळ अंडी उन्हात.

रोहित पक्ष्यांचे गणित निराळे. ते उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखल गाळतात. खाणे सोडून माना ताठ करून सगळे एका दिशेने चालू लागले, तर माणूस जास्तच जवळ गेलेला असतो. थवा उडवून मिळवलेल्या गुलाबी छायाचित्राचे कौतुक करणे आता तरी सोडायला हवे.

चालणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहेच. वर भेगाळलेली पापडी, खाली गुडघाभर गाळ. म्हणून स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्याच्या कडेला उतरू नये. जाळी कुठे लावली आहेत, हेही त्यालाच ठाऊक असते.

उजनी भरते ती मुख्यतः पुण्याकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. त्यामुळे करमाळ्यात आभाळ कोरडे असतानाही काठावरची माणसे वरून, दौंडकडून धरणात येणाऱ्या विसर्गाचा आकडा विचारू लागतात. तो वाढला की पाणी उपसायच्या मोटारी वर ओढल्या जातात, गाळपेरीतले उरलेसुरले घाईने काढले जाते. उशिरा घातलेली अंडी मात्र जिथल्या तिथे राहतात, आणि पाणी बोटाबोटाने त्या खळग्याकडे सरकत असते.