कसोटीचा दगड

आमच्या घरात चार पिढ्यांचे चार देव आहेत. आजोबांचे विजय हजारे, कारण दोघेही सांगलीचे. बाबांचे सुनील गावस्कर. माझा सचिन तेंडुलकर. आणि माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचा टॉम ब्रेडी. सर्जापूर रोडवर याचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या इमारतीतली निम्मी घरं अमेरिकेच्या घड्याळावर चालतात आणि मुलाच्या वर्गात कॅलिफोर्नियाहून किंवा टेक्सासहून परत आलेली दोन-तीन मुलं तरी असतातच. त्यांच्याबरोबर अमेरिकन फुटबॉल आला आणि त्याच्यामागोमाग एक न संपणारा वाद आला : सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण?

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती आल्यावर तो कुणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा खेळाडू. ब्रेडीच्या नावावर सुपर बोलची सात विजेतेपदं आहेत, जो मोंटॅनाच्या नावावर चार. मुलाच्या मते विषय इथेच संपतो. मी त्याला सांगितलं की त्या खेळात चेंडू पुढे फेकायची मुभाच १९०६ साली मिळाली. पुढे १९७८ साली बचाव करणाऱ्यांवर नवी बंधनं आली आणि फेकणाऱ्यांचं काम सोपं झालं. त्याआधीच्या जॉनी युनायटसला ब्रेडीच्या आकड्यांनी कसं मोजणार?

“मग मोजायचंच नाही का?” त्याने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण मला तो ओळखीचा वाटला. मी अनुवाद करते. ‘हे दुसऱ्या भाषेत नेताच येत नाही’ हे वाक्य मी कित्येक परिसंवादांत ऐकलं आहे. ते बोलणारा नम्र वाटतो, पण बऱ्याचदा त्याने प्रयत्नच केलेला नसतो. ‘प्रत्येक काळ वेगळा, तुलना करू नये’ हेही मला आता तसंच वाटायला लागलं आहे. ऐकायला ते सभ्य असतं. पण तुलना बंद झाली की जुन्या माणसांच्या वाट्याला फक्त हार-तुरे उरतात. त्यांच्या खेळाबद्दल कुणी भांडत नाही, आणि ज्याच्याबद्दल कुणी भांडत नाही तो हळूहळू विस्मरणात जातो.

मराठीत आपण टेस्ट मॅचला ‘कसोटी’ म्हणतो. कसोटी हा सोनाराचा दगड. सोनं कुठल्या शतकात खाणीतून निघालं हे तो विचारत नाही. त्यावर उमटलेल्या रेघेवरून कस ठरतो. क्रिकेटची अडचण अशी की इथे दगडही बदलत आला आहे.

हजाऱ्यांचंच घ्या. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी खेळला नाही. हजारे पहिली कसोटी खेळले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. सचिनच्या शंभराहून अधिक कसोट्या त्या वयापर्यंत झाल्या होत्या. हजाऱ्यांच्या एकूण ३० कसोट्या, २१९२ धावा. सचिनच्या २०० कसोट्या, १५९२१ धावा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हजारे किरकोळ दिसतात. पण सरासरी पाहिली तर ४७.६५ आणि ५३.७८. अंतर एकदम कमी होतं. मग १९४८ सालचं अ‍ॅडलेड आठवायचं. समोर ब्रॅडमनचा संघ, लिंडवॉल आणि मिलर यांची गोलंदाजी, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि हजाऱ्यांची दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात संघाच्या २७७ धावांपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्या एकट्याच्या होत्या. सरासरी काढणं हा एक अनुवाद आहे. अ‍ॅडलेडची आठवण करून देणं ही त्या अनुवादाला दिलेली तळटीप. दोन्ही असतील तर वाचणाऱ्याला मूळ पाठाचा काही अंदाज येतो.

बाबांची तळटीप आमच्या याच शहरातली आहे. मार्च १९८७, चिन्नास्वामी स्टेडियम, पाकिस्तानविरुद्ध गावस्करांची शेवटची कसोटी. चेंडू हातभर वळत होता, काही उसळत होते. चौथ्या डावात गावस्करांनी ९६ धावा केल्या आणि भारत १६ धावांनी हरला. कोष्टकात ही खेळी शतकांच्या रकान्यात नाही. तिथे ३४ आहेत, ३५ नाहीत. बाबा म्हणतात, “ती चौतीस एका बाजूला आणि ही शहाण्णव एका बाजूला.” हे गणित चूक आहे, पण ते काय सांगतायत ते बरोबर आहे.

इथवर मुलाला पटलं. परिस्थितीचा फरक ओळखायचा, हिशेबात धरायचा आणि मग तुलना करायची. नियम, हेल्मेट, खेळपट्टी यांची वजाबाकी-बेरीज अंदाजाने का होईना, करता येते. खरा पेच त्यापुढे आहे. दगडाजवळ ज्याला येऊच दिलं नाही, त्याचं काय करायचं?

बाळू पालवणकर १८७६ साली धारवाडला जन्मले, म्हणजे आज मी राहते त्याच राज्यात. चांभार समाजातले. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांच्या सरावासाठी त्यांनी तासन्‌तास डाव्या हाताने फिरकी टाकली. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात ते होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. भारताची पहिली कसोटी १९३२ सालची. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. कसोटीचा दगड आला तोवर सोनं म्हातारं झालं होतं.

हे ऐकल्यावर मुलाने मला वॉरेन मून सांगितला. तो कृष्णवर्णीय. १९७८ साली त्याला अमेरिकेतल्या एकाही संघाने निवडलं नाही, कारण क्वार्टरबॅकला डोकं लागतं आणि ते काळ्यांकडे नसतं असा समज होता. काळ्या मुलांना दुसऱ्या जागांवर ढकललं जाई. मून कॅनडात जाऊन सहा वर्षं खेळला, मग परतला. १९८८च्या जानेवारीत डग विल्यम्सने वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, तो असं करणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. “म्हणजे मूनची सहा वर्षं यादीत नाहीत,” मुलगा म्हणाला. आणि ज्यांना कॅनडाही मिळाला नाही, ते तर यादीत मुळीच नाहीत.

म्हणून मला वाटतं की दोन काळांमधली तुलना ही आधी नैतिक गोष्ट आहे, मग गणिताची. ‘सर्वकालीन सर्वश्रेष्ठ’ म्हणताना आपण गृहीत धरतो की सगळे स्पर्धेत होते. ते गृहीत खोटं असेल, तर यादी करणाऱ्याने ते यादीच्या माथ्यावरच लिहायला हवं.

पण इथे एक दुसरा मोह असतो आणि तो मला जवळून माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दलित आत्मकथनाचा अनुवाद केला. त्यावर आलेल्या परीक्षणांत वेदना हा शब्द पुन्हा पुन्हा होता. त्या लेखकाचं वाक्य किती कसलेलं आहे, तो विनोद कुठे पेरतो, परिच्छेद कुठे तोडतो, याबद्दल एक ओळ नव्हती. मी त्या वाक्यांशी वर्षभर झटले होते. सहानुभूतीने त्याला लेखकांच्या रांगेतून उचलून साक्षीदारांच्या रांगेत बसवलं होतं. मला वाटतं, हीसुद्धा एक प्रकारची वेगळ्या भांड्यातली चहाच.

बाळूंना तसं करायचं नसेल, तर त्यांची गोलंदाजी तोलायला हवी. सोसलं म्हणून मोठे, असं नाही. चेंडू कसा टाकला यावरून. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. तोलताना ते कमी भरण्याचा धोकाही पत्करायला हवा. जिथे हरता येत नाही तिथे बरोबरीही नसते.

मागच्या रविवारी कैकोंड्रहळ्ळी तळ्यावरून फिरून आल्यावर आम्ही बसलो. विषय एकच, भारताचे डावरे फिरकी गोलंदाज. वहीवर नावं : बिशनसिंग बेदी, विनू मंकड, पद्माकर शिवलकर, बाळू पालवणकर. शिवलकरांचे ५८९ बळी, कसोटी एकही नाही, कारण त्यांच्या काळात बेदी होते. तोही अन्यायच म्हणता येईल, पण जातीचा नव्हे, नशिबाचा. मुलाने दोन्हींतला फरक विचारला. मी म्हटलं, शिवलकर आणि बेदी यांच्यात तुलना झाली, आणि निवडणाऱ्यांनी बेदींना निवलं असं म्हणता येतं. तो निर्णय चूकही असेल. बाळूंच्या बाबतीत कर्णधार निवडताना तुलनाच झाली नाही.

बाबांनी बाळूंना तिसरं ठेवलं. “त्या वेळी खेळपट्ट्या उघड्या असायच्या,” ते म्हणाले. “पाऊस पडून गेला की कुणीही बळी घेई. पंधराची सरासरी आज वीस धरायची.”

“मग फलंदाजी करणाऱ्या साहेबांचं काय?” मी म्हटलं. “इंग्लंडमध्ये १९११ साली समोर कौंटीचे संघ होते, आणि बाकीचा आपला संघ हरत होता. दुसरं ठेवा.”

“शिवलकरांच्या वर?” बाबांचा आवाज चढला.

मुलाने बाळूंचं नाव खोडलं, वर लिहिलं, पुन्हा खोडलं. जेवायची वेळ टळून गेली तरी ते नाव एका जागी ठरेना.