परहस्ते हिंसा आणि गृहस्थाची भाजीवाडी

हिंसेचा विचार करताना शास्त्रकारांनी केवळ मारणाऱ्या हाताकडे पाहिलेले नाही. पतंजलींच्या योगसूत्रात स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे हिंसेचे तीन भेद केलेले आहेत. जैन आचार्यांनीही हाच त्रिविध विचार अत्यंत सूक्ष्मपणे मांडला आहे. परंतु ज्याच्याकडून करवून घ्यावयाचे तो मनुष्य नसून पक्षी असेल, आणि तो आपल्या स्वभावानेच ते कर्म करीत असेल, तर करविणाऱ्याचा वाटा किती? हा प्रश्न ग्रंथांतरी जितका दूरचा वाटतो तितकाच तो खेड्यातील वासनिकाच्या दाराशी रोज उभा असतो.

यवतमाळ जिल्ह्यात पाऊस स्थिरावला की घरामागील सांदवाडीत वांगी, पालक, मेथी, सांभार यांची रोपे वर येतात, आणि त्यांच्याबरोबरच गोगलगायीही. दिवसा त्या ओल्या पाचोळ्याखाली, दगडाखाली, कुंपणाच्या सांदीत दडून असतात. रात्री बाहेर पडून कोवळी पाने खातात. सकाळी पानांना भोके आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ एवढीच त्यांची खूण उरते. आपल्या भाषेत ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या लबाडासाठी वापरतात. प्राणिशास्त्रज्ञ मात्र या जीवांच्या वर्गाला उदरपाद असेच म्हणतात, कारण पोटाचा स्नायूच त्यांचा पाय असतो. म्हणीतील निरीक्षण खरे आहे, आरोप तेवढा खोटा. गोगलगाय लबाड नाही. ती भुकेली आहे.

यांतील शंखी गोगलगाय ही तर या भूमीची मूळची नव्हे. आफ्रिकेच्या पूर्व भागातील हा जीव इ. स. १८४७ मध्ये बेन्सन नामक शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणला व तेथील बागेत सोडला, असे नमूद आहे. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालणारा आणि कोरड्या ऋतूत शंखाचे तोंड बंद करून महिनोन्महिने पडून राहणारा हा जीव पुढे देशभर पसरला. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत त्याने सोयाबीनची कोवळी रोपे इतकी फस्त केली की अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि शासनास त्यासाठी विशेष मदत जाहीर करावी लागली. पैनगंगेच्या अलीकडे, यवतमाळच्या सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ती वार्ता परकी वाटली नसेल. तेव्हा शेतकऱ्याची पीडा काल्पनिक नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. जो स्वतः नांगर धरीत नाही त्याने ही पीडा क्षुल्लक मानून उपदेश करणे शोभत नाही. भिक्षुक शेती करीत नाही, पाने तोडीत नाही, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालतो. परंतु त्याच्या झोळीत पडलेली भाजी कोणत्या तरी सांदवाडीतच वाढलेली असते, आणि तिच्यासाठी काय मारले गेले हे झोळीस कळत नाही.

आता उपायांकडे पाहू. बाजारात मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मिळतात. त्या खाऊन गोगलगाय मरते. पण त्या खाल्ल्यास कुत्रा, मांजर आणि कोंबडीही मरू शकते. विषाची गोष्ट या जिल्ह्यास वेगळी सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ज्या मजुराने किडीचा द्वेष केला नव्हता, ज्याला त्या पिकाचा नफाही मिळणार नव्हता, त्याच्या फुप्फुसात ते विष गेले. विष सोडणारा त्याची सीमा ठरवू शकत नाही, हा विषाचा नैतिक दोष आहे.

म्हणून विचारी गृहस्थ विष टाळतो आणि वाडीत कोंबड्या सोडतो. येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो: कोंबडी किडे-गोगलगायी खाते हा तिचा स्वभाव, तिला विधिनिषेध नाही, जीव जीवावर जगतो, गृहस्थाने हात लावलेला नाही, सबब तो निर्दोष. याला उत्तर असे की कोंबडीला दोष नाही हे खरे, परंतु कोंबडीच्या निर्दोषत्वातून गृहस्थाचे निर्दोषत्व निघत नाही. शिकारी कुत्राही स्वभावानेच धावतो. तेवढ्याने शिकारी सुटत नाही. लीळाचरित्रात पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास येतो आणि ते तो त्यांच्या हाती देत नाहीत. तेथे बोलणे होते ते पारध्यांशी, कुत्र्यांशी नव्हे.

गृहस्थाचा वाटा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. कोंबड्या दिवसभर वाडीत फिरल्या आणि त्यांनी एकही गोगलगाय खाल्ली नाही, तर त्यास वाईट वाटेल काय? कोंबड्या मोकळ्या फिरतात म्हणून फिरत असतील, तर वाटणार नाही. त्याचे अनुमोदन नाही. पण त्यांना खुराड्यात उपाशी ठेवून, पहाटे गोगलगायी दिसण्याच्या वेळी नेमके सोडले असेल, तर त्यास वाईट वाटेल. मग ती हिंसा करविलेलीच. बहुतेक गृहस्थ या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असतात, आणि कोणत्या बाजूस ते अधिक आहेत हे त्यांचे त्यांनाच ठाऊक असते.

व्यवहारातही हा उपाय लोक समजतात तितका साधा नाही. कोंबडी लहान गोगलगाय खाते; मोठ्या शंखाची सहसा सोडून देते. गोगलगायीपेक्षा कोवळा पालक तिला अधिक प्रिय असतो, आणि नख्यांनी माती उकरताना ती रोपे उपटून टाकते. शिवाय गोगलगायीच्या अंगातून श्वासनलिकेत राहणारे कृमी कोंबडीच्या पोटात जातात. मग ती चोच वासून धापा टाकते. म्हणजे जिच्याकडून काम करवून घ्यावयाचे, तिलाही त्याची पीडा.

कोणी म्हणेल, गोगलगायी वेचून लांब सोडून द्याव्यात. देशी गोगलगाय ओल्या ओढ्याकाठी सोडणे योग्यच. परंतु शंखी गोगलगाय ओढ्याकाठी किंवा रानात सोडणे म्हणजे आपल्या वाडीतील उपद्रव दुसऱ्याच्या शेतात ढकलणे होय. कलकत्त्याच्या बागेत जे झाले त्याचीच ती लहान पुनरावृत्ती आहे. जी दया शेजाऱ्याच्या पेरणीवर उठते तिला दया कसे म्हणावे? येथे अहिंसेचा शुद्ध मार्ग गृहस्थास उपलब्ध नाही, हे स्पष्ट सांगणेच प्रामाणिक. जे उपलब्ध आहे ते असे: हिंसेचा प्रसंगच कमी करावा. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते. पाचोळा व फुटकी कौले वाफ्याजवळून हलवावीत. वाफ्याभोवती कोरड्या राखेचा पट्टा टाकावा आणि पावसाने तो भिजला की पुन्हा टाकावा. गुळाच्या पाण्यात भिजविलेली पोती रात्री ठेवल्यास गोगलगायी तेथे जमतात. सकाळी त्या गोळा करता येतात. कोंबड्या सोडावयाच्याच तर पेरणीपूर्वी, रिकाम्या वाफ्यात सोडाव्यात. तेथे त्या अंडी उकरून खातात. अंड्यातील जीव तो जीव नव्हे, असे म्हणण्यासारखे काही नाही. पण नंतर वाढणाऱ्या शेकडोंना मारण्याची वेळ त्याने टळते.

या चर्चेत एक गोष्ट सहसा दडून राहते. गोगलगायीच्या जीवाची इतकी चिंता करणारा गृहस्थ, कोंबडी अंडी देईनाशी झाल्यावर तिचे काय करतो? आठवडी बाजारात तिला घेणारा तिला कशासाठी घेतो, हे विकणाऱ्यास पुरते ठाऊक असते. तेथे स्वभावाचा आडपडदा नाही, पिकाची निकड नाही, शेजाऱ्याच्या हिताचा प्रश्न नाही. आहे ती फक्त किंमत. गोगलगायीपाशी करविलेल्या हिंसेचा निर्णय कठीण आहे. येथे तो मुळीच कठीण नाही. म्हातारी कोंबडी मरेपर्यंत रोज मूठभर ज्वारी मागते, आणि ज्याला ती ज्वारी परवडणार नाही त्याने कोंबड्या आणण्यापूर्वीच तिचा हिशेब करावयास हवा होता.