खोटे थडगे, खरे सांत्वन?

रणांगणावर पडलेल्या माणसाची समाधी शोधणारा नेमके काय शोधत असतो? देह मातीत मिसळलेला असतो आणि मृत्यूची वार्ताही त्यास केव्हाच पोहोचलेली असते. तरीही ‘तो कोठे विसावला?’ हा प्रश्न घरच्यांची पाठ सोडीत नाही. ज्या घरी सैन्यातून केवळ तार आली आणि पाठोपाठ काहीच आले नाही, त्या घरास हे वेगळे सांगावयास नको. या प्रश्नास खरे उत्तर नसेल, तर करुणेपोटी खोटे उत्तर देणे धर्म्य आहे काय, एवढाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचे एक उदाहरण आम्ही घेतो.

२५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी, कस्टर याच्या हाताखालील सातव्या घोडदळाची सुमारे २१० माणसे लाकोटा व शायेन योद्ध्यांशी लढताना मारली गेली. त्यांत बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट जेम्स स्टर्जिस होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून तो आदल्याच वर्षी बाहेर पडला होता. त्याचे वडील कर्नल सॅम्युएल स्टर्जिस हे याच घोडदळाचे प्रमुख. परंतु त्या वेळी ते अन्य कामगिरीवर सेंट लुइस येथे होते. वाचलेल्या सैनिकांनी २८ जूनला, हाताशी असलेल्या थोड्याशा अवजारांनी, मृतांवर घाईघाईने माती लोटली. स्टर्जिसचा देह ओळखता आला नाही. शत्रू सोडून गेलेल्या वस्तीत त्याचे रक्ताने माखलेले कपडे तेवढे सापडले.

पुढे त्याची आई ती रणभूमी पाहावयास गेली, तेव्हा तिला दाखविण्यासाठी सैनिकांनी दगडांची एक रास रचून तिच्यावर त्याच्या नावाची पाटी उभी केली, अशी हकीकत सांगितली जाते. त्या राशीखाली तिचा मुलगा नव्हता.

या सैनिकांस दोष देणे सोपे नाही. युधिष्ठिराने द्रोणांस पुत्रमरणाविषयी अर्धसत्य ऐकविले आणि त्याचा रथ भूमीस टेकला, असे महाभारत सांगते. तेथेही ऐकणारा जन्मदाताच होता. परंतु ते बोलणे त्याने शस्त्र खाली ठेवावे म्हणून होते. या सैनिकांना कोणाचा पराभव साधावयाचा नव्हता. शिवाय निश्चित खूण न मिळण्याची किंमत काय असते, हे आपणांस ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. त्या संशयाच्या फटीतूनच भाऊंचा तोतया शिरला, आणि १७७६ मध्ये त्यास देहदंड होईपर्यंत त्याने राज्यात खळबळ माजविली. अनिश्चिततेची जखम उघडी ठेवणे हेही निरुपद्रवी नसते.

तरीही आमचे मन त्या राशीपाशी अडते. सत्य पेलण्याची शक्ती त्या मातेच्या अंगी आहे की नाही, हे तिला न विचारता इतरांनी ठरविले. दुसरे असे, की या असत्याने केवळ तिचेच सांत्वन झाले नाही. घाईत उरकलेल्या दफनाचा जाब देण्याची वेळ त्यामुळे सैनिकांवरूनही टळली. करुणेच्या असत्यात बोलणाऱ्याची सोय बहुधा अशी लपलेली असते, आणि ती त्याची त्यालाही दिसत नाही.

त्याच भूमीवर पुढे काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. १८७७ मध्ये अधिकाऱ्यांचे अवशेष तेथून हलविण्यात आले. कस्टरचे म्हणून जे वेस्ट पॉइंटला पुरले, ते त्याचेच काय, हा संशय आजही फिटलेला नाही. साध्या शिपायांची हाडे १८८१ मध्ये ग्रॅनाइटच्या एकाच स्तंभापाशी एकत्र पुरली गेली. १८९० मध्ये प्रत्येकाच्या पडण्याच्या जागी म्हणून संगमरवरी शिळा बसविल्या. त्या मृतांहून अधिक भरल्या. १९८४-८५ च्या उत्खननात असे आढळले, की जेथे दोन शिळा जोडीने उभ्या आहेत, तेथे बहुतेक ठिकाणी माणूस एकच पडला होता.

आणि त्याच टेकड्यांवर लाकोटा व शायेन आप्तांनी, आपली माणसे पडली त्या जागी, दगड रचून ठेवले होते. १८६८ च्या तहाने त्यांची म्हणून मान्य केलेल्या ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले, तह मोडला गेला, आणि त्यातून हे युद्ध उद्भवले होते. त्या राशी खऱ्या होत्या. त्यांवर पाटी मात्र नव्हती. या योद्ध्यांच्या नावाच्या लाल ग्रॅनाइटच्या शिळा तेथे उभ्या राहू लागल्या त्या १९९९ पासून. म्हणजे जेथे कोणी नव्हते तेथे नाव लागले, आणि जेथे माणूस खरोखर पडला तेथे नावास शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. कोणाच्या दुःखासाठी दगड उचलावयाचे, हे सत्ता ठरविते, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस दुसरा आठवत नाही.

मग त्या सैनिकांनी काय करावयास हवे होते? आमच्या मते, ‘बाई, तुमचा मुलगा याच लढाईत, याच माळावर पडला, नेमकी जागा आम्हांस सापडली नाही,’ एवढे सांगून त्यांनी तिच्याबरोबर तो सारा उतार चालावयास हवा होता. त्यानंतर तिने स्वतःच एखादा दगड ठेवला असता, तर ती रास खोटी ठरली नसती. समाधी ही हाडांवरच उभी राहिली पाहिजे असे नाही. परंतु ती कशावर उभी आहे, हे तिच्यापुढे मस्तक नमविणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

त्या सैनिकांना आम्ही अपराधी म्हणणार नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो, तर कदाचित आम्हीही दगडच गोळा केले असते. मात्र त्या मातेच्या जागी असतो, तर कोणीतरी आम्हांस आधी विचारावे, असेच आम्हांस वाटले असते.