पाणवठ्याची वहिवाट

पवनेकाठचे थेरगाव जेव्हा केवळ गाव होते, तेव्हा नदीचा पाणवठा ही तेथील बायकांची निर्विवाद वहिवाट होती. धुणे आपटता आपटता सासरची गाऱ्हाणी, लेकीबाळींची बाळंतपणे, लांबलेल्या पावसाची काळजी हे सारे त्या दगडांवर बोलले जाई. आणि हात कामात गुंतलेले असल्यामुळे, ‘इतका वेळ कोठे होतीस?’ असे विचारण्याची सोय घरातील कोणालाच उरत नसे. पुढे दारात नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला. या सुखाला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु हंड्याबरोबर चार बायकांनी एकत्र बसण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी द्यावी हे कोणत्याही दफ्तराच्या तजविजीत आले नाही.

मधल्या काळात ही सारी पंचक्रोशी भोंग्याच्या तालावर जगू लागली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वी कारखान्यात कामास मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता, यात संशय नाही. तथापि ज्या उद्योगनगरीत रात्रीच्या पाळीला जाणारा तो केवळ पुरुषच, तेथील रात्रीचा रस्ताही त्याच्याच हिशेबाने आखला जावा, हे मला ओघानेच आलेले दिसते. त्याची वाट घर ते कारखाना अशी सरळ असते. बाईची वाट मात्र अंगणवाडी, दवाखाना, रेशनचे दुकान, मंडई अशी वळसे घेत जाते, आणि दर वळशाला तिला रस्ता ओलांडावा लागतो.

संध्याकाळी थेरगावच्या डांगे चौकात बसची वाट पाहणारी एखादी बाई पाहावी. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला मूल, आणि पर्समधली पाण्याची बाटली दुपारपासून तशीच भरलेली, कारण वाटेत स्वच्छतागृह उघडे मिळेल याची तिला खात्री नसते. तहान मारून शहरात वावरण्याची ही सवय इतकी जुनी आहे, की तिला कोणी तक्रारही म्हणत नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा अन्याय वेशीवर टांगण्यासाठी २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहावी लागली. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर’ या ग्रंथात दाखवून दिले, की बाईला बाहेर दिसण्यासाठी काही ना काही कामाचे निमित्त लागते. तो वाचताना मला थेरगावचा पाणवठा आठवला. तेव्हाची कळशी आणि आताची पिशवी हा एकच परवाना आहे. तो हाती नसेल, तर बागेच्या बाकावर घटकाभर टेकलेल्या बाईकडे आजही माना वळतात.

हे अटळ आहे असे मात्र नाही. व्हिएन्ना शहराच्या कारभाऱ्यांना सुमारे तीस वर्षांपूर्वी आढळले, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून दिसेनाशा होतात, कारण मैदानाचा ताबा मुलांकडे जातो. १९९९ मध्ये तेथील मार्गारेटेन विभागातील दोन बागांची नव्याने रचना झाली: मोठी मैदाने विभागली, वाटा उजळल्या, बसण्याच्या जागा वाढवल्या, आणि मुली परतल्या. खर्च फारसा नव्हता. आधी कोणीतरी मोजावयास हवे होते, इतकेच.

थेरगावात केजूबाई बंधारा आहे, बोट क्लब आहे, नदीही आहे. राज्यातील महानगरपालिकांत निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा हे ऐकणारे कान सभागृहात नाहीत असेही म्हणता येणार नाही. माझी विनंती एवढीच, की नदीकाठच्या कोणत्याही कामाचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी येथील बायकांसमवेत तो काठ अंधार पडल्यावर एकदा पायी चालावा. त्या जेथे थबकतील तेथे दिवा लावावा, जेथे टेकावेसे वाटेल तेथे ओटा बांधावा, आणि ही वहिवाट रीतसर कागदावर नोंदवावी.