बिघाड कुणाचा, राग कुणावर

गेल्या डिसेंबरात मी एका मुलावर ओरडलो. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. छातीवर नावाची पट्टी होती. ते नाव मी त्याच्या डोळ्यांदेखत कागदावर उतरवून घेतलं आणि घरी आल्यावर तक्रारीच्या मेलमध्ये टाकलं. आजवर माझ्या हातून झालेल्या वाईट गोष्टींची यादी केली तर ही फार वर येणार नाही. तरी ती जात नाही.

झालं होतं असं. विम्याचे पैसे हातात आले होते आणि बायकोच्या मनात बरीच वर्षं समुद्र होता. आमचं गाव भोर तालुक्यातलं आंबवडे. तिथे पाणी म्हणजे ओढा, विहीर आणि पावसाळ्यात रायरेश्वराकडून उतरणारे लोंढे. क्षितिजापर्यंत पाणी तिने पाहिलं होतं ते अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून. म्हणून मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. दुसऱ्या रात्री जहाजाची ती पायाखालची बारीक थरथर थांबली. दिवे गेले, पुन्हा मंद आले, एसी मात्र आला नाही. शौचालयांत पाणी ओढलं जाईना. सकाळी घोषणा झाली की तांत्रिक कारणामुळे लक्षद्वीप रद्द, जहाज हळूहळू परत नेण्यात येत आहे. खाली काउंटरवर शंभरेक माणसं जमली होती आणि पलीकडे तो एकटा मुलगा. मी निवृत्त शिक्षक. आवाज कसा चढवायचा हे मला शिकवावं लागत नाही.

माझ्या तक्रारीत तथ्य होतं, हे आधी सांगतो. कारण अशा वेळी लगेच कुणीतरी म्हणतं, जगात लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही एसीसाठी रडता. हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या न्यायाने जगातल्या सगळ्यात दुःखी माणसाखेरीज कुणालाच तक्रारीचा हक्क उरणार नाही. आणि सुटीचं नुकसान दिसतं त्यापेक्षा मोठं असतं. पूर्वी कोकणात आगबोटीने जाणारा चाकरमानी बोट बिघडली की हाल सोसायचा, पण पोचल्यावर त्याचं घर आणि गणपती जागेवर असायचे. प्रवासाची माती झाली तरी मुक्काम शाबूत. क्रूझवर जहाज हाच मुक्काम. ते बंद पडलं की मागे काही उरत नाही. पैसे परत मिळतात, पण ज्या माणसाला वर्षात एकदाच आठ दिवसांची रजा मिळते त्याचे आठ दिवस कुठून आणायचे?

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘कार्निव्हल ट्रायम्फ’चं. ७ फेब्रुवारी २०१३ रोजी हे जहाज टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून चार दिवसांच्या सहलीला निघालं. १० तारखेच्या पहाटे इंजिनखान्यात आग लागली. एका जनरेटरच्या इंधनाची लवचिक नळी गळत होती. आग विझली, कुणी दगावलं नाही, पण जहाज मेक्सिकोच्या आखातात नुसतं तरंगत राहिलं. अशा जहाजांवरची शौचालयं निर्वाताच्या जोरावर चालतात. वीज गेली की ओढ गेली. लोक गाद्या घेऊन डेकवर झोपले, आणि अन्नाच्या रांगांची नि विष्ठेच्या पिशव्यांची वर्णनं जगभर छापून आली. १४ तारखेच्या रात्री टग बोटींनी ओढत ते अलाबामातल्या मोबील बंदरात आणलं. प्रवाशांना पूर्ण परतावा, पुढच्या सहलीसाठी सवलत आणि प्रत्येकी ५०० डॉलर मिळाले. काहींनी दावे लावले, तेव्हा कंपनीच्या वतीने मांडण्यात आलं की तिकिटाच्या करारात सुरक्षित प्रवासाची, समुद्रात जाण्याजोग्या जहाजाची किंवा पुरेशा अन्नाची हमी दिलेलीच नाही. हे वाचल्यावर मी माझ्या तिकिटामागचा बारीक मजकूर काढून पाहिला. आता वाचून काय उपयोग, असं बायको म्हणाली.

पण माझं लक्ष अडकलं ते आकड्यांत. ट्रायम्फवर ३,१४३ प्रवासी होते आणि १,०८६ कर्मचारी. हे हजारावर लोक त्याच अंधारात, त्याच वासात होते. प्रवाशांच्या हालांच्या बातम्या मी डझनभर वाचल्या असतील. त्या पिशव्या उचलून कोण नेत होतं, हे बहुतेक बातम्यांत ओझरतंच येतं.

हे माझ्या लक्षात यायचं कारण माझा पुतण्या. तो अशाच एका जहाजावर लाँड्रीत आहे. नऊ महिन्यांचा करार, मग गावी. मार्चमध्ये आला होता. संध्याकाळी आम्ही दोघं पंतसचिवांच्या काळातल्या झुलत्या पुलाशी जाऊन बसलो. मी त्याला आमच्या सहलीची हकिगत रंगवून सांगितली. काउंटरवरच्या मुलाला कसं सुनावलं, तेही. तो हसला नाही.

‘‘तात्या, त्याला काय माहीत असणार? आमाला खालीबी कोण सांगत न्हाई.’’

मग म्हणाला, त्यांच्या जहाजावर एकदा असाच ब्लॅकआउट झाला तेव्हा लाँड्रीतल्या सगळ्यांना वर बोलावलं. पाण्याच्या बाटल्या वाटायच्या, जिने पुसायचे आणि माणूस ओरडला तर मान हलवून ‘सॉरी सर’ म्हणायचं. त्यांची झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीची. तिथे हवाच नव्हती, म्हणून दोन रात्री ते जिन्यात बसून होते. ‘‘इंजिनातली पोरं तर वर आलीच न्हाईत. वरच्यानी लाईट गेली म्हणून वरडायचं, खालच्यानी ती आणायची.’’

आंबवड्यात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आम्हीही चिडतो. पण वायरमन माहितीतला असतो. तो भर पावसात खांबावर चढलेला दिसतो, आणि दिवे आले की त्याच्याही घरात येतात. त्याच्यावर ओरडायला जीभ रेटत नाही. त्याला चहा विचारला जातो. मग जहाजावर माझी जीभ इतकी कशी सैल सुटली?

मला वाटतं, मी तिकिटाच्या पैशांत आणखी एक गोष्ट विकत घेतली होती. न कळण्याचा हक्क. पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, चादर कोण धुतं, यातलं काहीही चार दिवस डोळ्यांसमोर येऊ नये. सुटी म्हणतात ती बरीचशी हीच. त्यात पाप आहे असं मी म्हणणार नाही. जन्मभर चूल सांभाळलेल्या बाईने चार दिवस चूल विसरली तर बिघडलं कुठे? पण जहाज बिघडलं की तो हक्क संपतो. खालचं सगळं वर येतं, अगदी शब्दशः. त्या क्षणी मी ग्राहक म्हणून चिडू शकतो, किंवा याच जहाजात अडकलेला एक माणूस म्हणून आजूबाजूला पाहू शकतो. खरं तर दोन्ही करता येतं. फक्त पहिल्यासाठी योग्य पत्ता शोधावा लागतो. तो पत्ता किनाऱ्यावर असतो, दुरुस्ती पुढच्या फेरीनंतर करू असं ठरवणाऱ्या एखाद्या टेबलाशी. आणि ते टेबल दिसू नये, त्याच्याऐवजी नावाची पट्टी लावलेला मुलगा दिसावा, अशीच मांडणी असते.

ट्रायम्फनंतर तीन महिन्यांत, मे २०१३ मध्ये, क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने सहल रद्द झाली तर पूर्ण परतावा, अर्धवट राहिली तर अंशतः, असं त्यात आहे. चांगलंच झालं. त्याच वर्षी २० ऑगस्टला खलाशांच्या कामाचे तास आणि राहण्याची सोय ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. तो संमत झाला होता २००६ मध्ये, आणि त्यानुसारही दिवसाला चौदा तास काम चालतं. पुतण्याला मी विचारलं, चौदा? तो म्हणाला, ‘‘कागदावर.’’

तो परत जहाजावर गेल्यावर मी कंपनीला दुसरा मेल लिहिला. अमुक नावाच्या कर्मचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो सभ्यपणे वागला, माझ्या तक्रारीतून त्याचं नाव काढावं. दोन मिनिटांत उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. खाली एक धागा होता, सेवेला पाचपैकी तारे देण्यासाठी. त्यानंतर काही नाही. तो मुलगा अजून तिथे आहे का, त्याचा करार वाढवला का, हे मला कळायचा मार्ग नाही.

भरपाई म्हणून मिळालेलं अर्ध्या किमतीचं कूपन कपाटात आहे. मुदत मार्चपर्यंत. हिला जायचंय. लक्षद्वीप राहिलंय, म्हणते.