शेवटचे तीन टक्के

क्लोरिनच्या टॉवरमधून बाहेर आलेला लगदा पांढरा नसतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. ब्लीचिंग म्हणजे पांढरं करणं, एवढंच कॉलेजात शिकलो होतो. आणि इथे चॉकलेटी लगदा आत गेला, तो हळद जास्त पडलेल्या वरणासारखा केशरी-पिवळा होऊन बाहेर आला. पाळीवरचे जुने ऑपरेटर म्हणाले, "थांबा साहेब, अजून सोड्यात जायचाय." सोड्यात गेला, धुतला गेला, तरी तपकिरीच. पांढरेपणा आला तो त्याच्याही पुढे, हायपोच्या, म्हणजे हायपोक्लोराइटच्या, टॉवरमध्ये. पण मोठं काम आधीच्या दोन टप्प्यांत होऊन गेलेलं असतं. तिथे ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

मी ३४ वर्षं हेच केलं. बांबूचा लगदा पांढरा करण्याची नोकरी. मिल महाराष्ट्राबाहेरची, एका नदीकाठची. घर मात्र चंद्रपूरचं. माझ्या वडिलांनी ऐन तारुण्यात गडचिरोलीच्या जंगलात बांबूकटाई केली. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, दीक्षा दिली, तेव्हा ते पांढरा सदरा घालून त्या गर्दीत उभे होते. त्यामुळे ज्या शब्दावर माझं पोट चाललं, तो 'शुद्ध' हा शब्द आमच्या घरात फार जपून उच्चारला जाई. पिढ्यान्‌पिढ्या तो आमच्याच विरुद्ध वापरला गेला होता. मळ कशाला म्हणायचं आणि शुद्धी म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मला कुठल्या पोथीतून पडलेला नाही. रात्रपाळीत, लॅबच्या टेबलावर पडला.

बांबूत सेल्युलोजचे तंतू असतात, आणि त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारं लिग्निन असतं. वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा लिग्निनचा. ते नसतं तर चाळीस फुटांचा बांबू वाऱ्यात उभा राहिला नसता, भिजल्या दोरासारखा खाली पडला असता. वडील सांगायचे, कोवळा बांबू तोडू नये. त्याला दोन-तीन पावसाळे खाऊ द्यावे, मग तो पिकतो, वाजवला की खणखणतो. हे पिकणं म्हणजे बरंचसं लिग्निनचं भरणं, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. आणि त्याच लिग्निनला आम्ही मिलमध्ये दिवसभर 'घाण' म्हणत होतो. "आज घाण किती राहिली?" असा प्रश्न मी स्वतः हजारदा विचारलाय. अंगावर बसलेली धूळ हा मळ, हे मला समजतं. पण झाडाचा कणा हा झाडाचा मळ कसा झाला? तर आपल्याला कागद हवा होता म्हणून. झाडाच्या बाजूने पाहिलं तर त्यात काढून टाकण्यासारखं काहीच नव्हतं.

ही घाण मोजायची एक रीत आहे. एक ग्रॅम कोरडा लगदा घ्यायचा, त्यात आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण घालायचं, ठरलेला वेळ ढवळायचं, आणि किती परमँगनेट संपलं ते पाहायचं. जितकं लिग्निन जास्त, तितका जांभळा रंग जास्त खाल्ला जातो. त्या आकड्याला कप्पा नंबर म्हणतात. आमचा शिजलेला लगदा वीसच्या आसपास यायचा, म्हणजे लगद्यात सुमारे तीन टक्के लिग्निन शिल्लक. ब्युरेटवर डोळा ठेवून शेवटचा थेंब पडायची वाट पाहण्यात माझं अर्धं तारुण्य गेलं, आणि ते वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही.

हे तीन टक्के नीट समजून घ्यायला हवेत, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. डायजेस्टरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड घालून १६५-१७० अंशांवर बांबू शिजतो. नव्वद टक्क्यांहून जास्त लिग्निन तिथेच सुटतं आणि काळ्या पाण्यात उतरतं. ते काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून मिलला वाफ मिळते, वीज मिळते, सोडाही परत मिळतो. म्हणजे ती घाण नव्हतीच, जळण होतं. एवढ्यावर थांबलं तर हाती तपकिरी, चिवट कागद येतो. सिमेंटच्या पिशव्यांना तोच वापरतात. पण वही तपकिरी चालत नाही. उरलेले तीन टक्के काढायला आणखी शिजवलं तर सेल्युलोजच तुटायला लागतं. म्हणून क्लोरिन. क्लोरिन लिग्निनला जाऊन चिकटतो, त्याचे तुकडे पाडतो, आणि हे तुकडे पुढे कॉस्टिकमध्ये विरघळून जातात. मात्र आता त्या पाण्यात क्लोराइड आलेलं असतं. ते बॉयलरकडे पाठवलं तर बॉयलरच्या नळ्या खाऊन टाकतं. मग ते जाणार कुठे? नालीत. नालीतून तळ्यात, तळ्यातून नदीत. पहिल्या नव्वद टक्क्यांचं जळण झालं. पांढऱ्या रंगाच्या हौसेपायी काढलेल्या शेवटच्या तीन टक्क्यांचं विष झालं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. हायपो टप्प्यात प्रक्रिया चालू असताना आम्ल तयार होत जातं, त्यामुळे पीएच घसरत जातो. तो नऊच्या खाली जाऊ नये म्हणून मधे मधे कॉस्टिक द्यावं लागतं. सातच्या आसपास आला की हायपो लिग्निनला सोडून सेल्युलोजच्या साखळ्या तोडायला लागतो. त्या रात्री कॉस्टिकची लाइन तुंबली होती. मी टॉवरच्या सुरुवातीचा पीएच घेतला, शेवटचा घेतलाच नाही. पहाटे हातकागद करून ब्राइटनेस पाहिला. निळ्या प्रकाशात, ४५७ नॅनोमीटरवर, ८१. आमच्या बांबूला ७८ आला तरी आम्ही खूश असायचो. वहीत तो आकडा मी जरा मोठ्या अक्षरात लिहिला.

दुपारी मशीनवरून निरोप आला की कागद टिकत नाही, दर वीस मिनिटांनी तुटतोय. सेल्युलोजच्या साखळ्या किती तुटल्या हे व्हिस्कॉसिटीवरून कळतं. संध्याकाळी तिचा निकाल आला. ती निम्म्यावर उतरली होती. मी तो ८१ ब्राइटनेसचा तुकडा हातात घेतला. दुधासारखा. दोन बोटांत धरून नुसता ओढला, तर पापडासारखा तुटला, तंतू न ओढता. चांगला कागद फाटतो तेव्हा फाटल्या कडेला बारीक लव दिसते. इथे कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती. इतका पांढरा लगदा मी त्याआधी केला नव्हता, आणि इतका निकामीही नाही.

पुढे बुद्धचरित्र वाचताना सहा वर्षांच्या खडतर तपश्चर्येपाशी मी थांबलो. शरीर वाळवत वाळवत शेवटी त्या माणसाने ते सोडलं आणि सुजातेच्या हातची खीर खाल्ली, हा प्रसंग लहानपणापासून ऐकलेला. बरोबरच्या पाच जणांना वाटलं, हा भ्रष्ट झाला. मला मात्र तो लगद्याचा तुकडा आठवला. शुद्धीलाही एक पीएच लागतो, तो घसरला की मळाबरोबर माणूसही तुटू लागतो, आणि मीटरवरचा आकडा मात्र वर चढतच राहतो. अशी माणसं मी पाहिली आहेत. सगळे नियम पाळणारी, चूक काढायला जागा न ठेवणारी, आणि दोन बोटांत धरली की तुटणारी.

निळीबद्दलही सांगायला हवं. माझी माय पांढरं लुगडं शेवटच्या पाण्यात निळीतून काढायची. त्याने पिवळेपणा जात नाही. पिवळ्यावर निळ्याची छटा चढते आणि डोळ्याला पांढरं वाटतं. कागदालाही आम्ही तेच करतो, शिवाय ऑप्टिकल ब्राइटनर घालतो. तो उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि निळा करून परत देतो. त्यामुळे दिवसा कागद झळझळीत दिसतो, आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली तीच वही साधी दिसते. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. माय कुणाला फसवत नव्हती. पण पांढरं हे किती अंशी वस्तूत असतं आणि किती अंशी पाहणाऱ्याच्या उजेडात, हे मला त्या बादलीपासून कळायला लागलं.

आणि मग महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी पाण्यात ओतलं. मी आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासले आहेत. त्या दिवशी तळ्यात शुद्धीच्या आधी काय होतं आणि नंतर काय, याचा माझ्या हाताला कळणारा हिशेब एकच: आधी माणसांच्या ओंजळी होत्या, नंतर शेण होतं. तिथे काढून टाकलेला पदार्थ कुठलाच नव्हता. कप्पा नंबरने मोजता आला असता असा मळ नव्हता. मळ ठरवला गेला होता, जसं आम्ही लिग्निनला ठरवलं. फरक एवढाच की लिग्निनला ते कळत नाही. माझ्या आज्याला कळत होतं.

नदीवरचा एक केवट वर्षातून दोन-तीनदा मिलच्या गेटवर यायचा. हातात बाटली, बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी. एकदा मला लॅबमधून बोलावलं गेलं. त्याने ना आवाज चढवला, ना शिवी दिली. बाटली पुढे करून एवढंच विचारलं की हा रंग कशाचा? मला उत्तर पाठ होतं. कॉस्टिक टप्प्याचं पाणी, लिग्निनचे क्लोरिन लागलेले तुकडे. मी म्हणालो, "बांबूचा रंग आहे." खोटं नव्हतं. त्याने मान हलवली आणि तो गेला. खोटं न बोलताही किती लपवता येतं, हे त्या दिवशी मला कळलं, आणि तेव्हापासून माझी झोप थोडी कमी झाली ती झालीच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत पेपर मिलच्या खालच्या अंगाला पकडलेल्या माशांत डायऑक्सिन सापडल्याची बातमी आमच्यापर्यंत पोहोचली. त्याच्याही आधीची गोष्ट कॅनडातल्या ऑन्टॅरिओची. ड्रायडन इथल्या मिलला लागणारा क्लोरिन आणि कॉस्टिक मिठापासून काढायला पाऱ्याचे सेल वापरत. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोजचे आदिवासी राहत. मासा हेच त्यांचं अन्न आणि मासेमारी हीच रोजी. तिथे आजही त्या पाऱ्याने अधू झालेली माणसं आहेत. कागद मात्र पांढराच होता, आणि त्या कागदावर जे काही छापलं गेलं असेल, त्यात प्रार्थनाही असतील.

आमच्याकडे पुढे सुधारणा झाल्या आणि त्या मी मनापासून केल्या. आधी ऑक्सिजनने जवळपास निम्मं लिग्निन काढायचं. ते पाणी बॉयलरला जाऊ शकतं. मग क्लोरिनच्या जागी क्लोरिन डायऑक्साइड. हा वायू साठवून कुठून आणता येत नाही, स्फोट होतो. मिलमध्येच बनवून थंड पाण्यात विरघळवून लागेल तसा वापरावा लागतो. तो लिग्निन फोडतो, पण त्याला क्लोरिन फार कमी चिकटवतो. नालीचा रंग फिका झाला. नाहीसा झाला असं मी म्हणणार नाही.

पाली वाचायला मी निवृत्तीनंतर शिकलो. मनातल्या मळांसाठी तिथे 'आसव' असा एक शब्द येतो. आपल्याला तो द्राक्षासवामुळे ओळखीचा. मूळ अर्थ झिरपणारं, स्रवणारं. जखमेतून वाहणाऱ्या पुवालाही तोच शब्द. कामाचा आसव, भवाचा आसव, अविद्येचा आसव. जो मुक्त झाला तो 'खीणासव', ज्याचं झिरपणं थांबलं असा. या शब्दापाशी मी कितीतरी दिवस बसून होतो. चित्तशुद्धी म्हणजे मन पांढरं करणं, असंच मी धरून चाललो होतो. आणि इथे शब्द रंगाचा नव्हता, नालीचा होता. माणूस किती उजळ झाला हे विचारण्याआधी, त्याच्यातून काय वाहतंय आणि ते कुणाच्या दारात जातंय हे पाहायचं. कुणी भाषापंडित म्हणेल की मी शब्द ताणतोय. ताणत असेन. पण चौतीस वर्षं नालीच्या तोंडाशी उभा राहिलेल्या माणसाला तो शब्द असाच ऐकू येणार.

गाडगेबाबा आमच्या विदर्भाचेच, परीट जातीत जन्मलेले. म्हणजे दुसऱ्यांचे कपडे पांढरे करणाऱ्यांत. त्यांच्या स्वतःच्या अंगावर चिंध्या असत. गावात शिरले की हातातल्या खराट्याने आधी गाव झाडायचं, नाल्या मोकळ्या करायच्या, आणि कीर्तन रात्री. बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. माझे वडील दोघांची नावं नेहमी एका दमात घेत.

मी दर वर्षी १६ ऑक्टोबरला सुट्टी टाकून चंद्रपूरला जायचो. आदल्या दिवशी माय दीक्षाभूमीवर नेसायचं लुगडं आणि वडिलांचा सदरा धुवायला काढायची. आमच्या दारासमोरची नाली पुढे तीन घरांवरून जाते. ब्लीच प्लांटमधला माणूस म्हणून मी एकदा मोठ्या हुशारीने तिला सोडा किती घालायचा, हे सांगायला गेलो. ती फावडं घेऊन नालीत वाकली होती, साचलेला गाळ ओढून घमेल्यात भरत होती. वर न पाहता म्हणाली, "पहिले नाली, बापू. मग कपडे. साबणाचं पाणी तुंबलं तं शेजारनीच्या दारात जाते." मी तिच्या हातातलं घमेलं घेतलं. गाळ काळा होता आणि जड होता. दोघांनी मिळून शेवटच्या घरापर्यंत नाली काढली, तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. मग तिने बादलीत निळीचे चार थेंब सोडले.