गड्याच्या देवाचा वार

आमच्याकडं आठवड्याचे वार देवांनी वाटून घेतलेत. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. कॅथलिक लोकांतही अशीच वाटणी आहे. मंगळवार संत अंतोनीचा, बुधवार संत योसेफाचा, शनिवार मारियामातेचा. शिवाय जवळजवळ प्रत्येक तारखेला कुणातरी संताचा सण. योसेफ तर सुतार माणूस. पोपनं १९५५ साली त्याच्या नावानं कामगारांचा सण लावून दिला, तो १ मे, आपल्या महाराष्ट्र दिनालाच.

२०२० च्या जानेवारीत बार्शीजवळच उस्मानाबादला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तेव्हापासून या संतांविषयी मिळंल ते वाचत गेलो, अन् त्यात एक आपल्या जातकुळीचा भेटला, संत इसिदोर. त्याचा सण १५ मे. म्हणजे आपल्याकडं नांगरट उरकून सगळे आभाळाकडं बघत असतात तेव्हा.

हा स्पेनमधल्या माद्रिदचा, नऊशे वर्षांपूर्वीचा. जमीन त्याची नव्हती, दुसऱ्याच्या शेतात गडी होता. रोज सकाळी देवळात जाऊन मग कामावर यायचा. बाकीच्या गड्यांनी मालकाकडं चुगली केली, हा उशिरा येतो. मालक लपून बघायला गेला, तर इसिदोर प्रार्थना करतोय अन् देवदूत त्याचं औत हाकतोय. मालक गप्प झाला. १६२२ साली गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरबरोबर एकाच दिवशी या गड्यालाही संतपद मिळालं.

गोष्ट गोड आहे. पण देवदूत दिसला नसता तर? मालकानं पगार कापला असता. आणि चुगली करणारे गडी काय नुसते जळके होते? एक बाई खुरपण सोडून गेली तर तिची पात बाकीच्यांना ओढावी लागते. एकाची भक्ती दुसऱ्याच्या पाठीवर पडते, हे रानात राबणाऱ्याला लगेच कळतं.

आमच्या जिल्ह्यात अरणचे सावता माळी. पंढरीला न जाता मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. माझे वडील वारीला जायचे, माघारी सालगडी रान सांभाळायचा. पाडव्याला नवं साल लागायचं अन् पंधरवड्यात चैत्री पुनव, येरमाळ्याला येडाईची यात्रा. गडी डोकं खाजवत सुट्टी मागायचा. वडील म्हणायचे, "आरं, सावतोबाला मळ्यातच देव भेटला की!" गडी काही न बोलता वैरण टाकायला जायचा. मला ते तेव्हाही खटकायचं. सावतोबांचा मळा त्यांचा स्वतःचा होता. इसिदोरचं रान मालकाचं होतं. कामातच देव बघ, हे स्वतःला सांगणं वेगळं अन् गड्याला सांगणं वेगळं.

बैलाला मात्र सोमवार मागावा लागत नव्हता. महादेवाचा नंदी, त्या दिवशी औत धरायचं नाही. गड्याला सोमवारीही शेण भरणं, बांध घालणं होतंच. आता ट्रॅक्टर आलाय, त्याला ना सोमवार ना पुनव.

सालगडी राहिले नाहीत, सगळी रोजंदारी. यात्रेला गेलं की रोज बुडतो. म्हणजे मालक आता कुणाला अडवत नाही, अडवतो तो रोज. दोन वर्षांमागं कांदा काढायला पाच बाया होत्या. पुनवेला चौघी येडाईला गेल्या, एक आली. का गं नाही गेलीस, तर म्हणाली, "दादा, रोज कोण देणार?"

गेल्या वर्षी मी पाचीजणींना पुनवेचा रोज दिला. शेजारचे म्हणाले, भाव बिघडवतोस. चौघींनी घेतला. ती एकटी "फुकटचा नको" म्हणाली, अन् दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर रोज तासभर जास्त थांबून तिनं तो फेडला. मी नको म्हणत होतो. ऐकलं नाही.